कुंपणाआतला आवाज : घोडशर्यतीच्या समालोचकाचा पेशा

घोडशर्यतीचे धावते वर्णन करणारा समालोचक सव्वा मिनिटाच्या बोलण्यासाठी आदल्या रात्रीपासून तयारी करत असतो. 1200 मीटरची शर्यत भारतातल्या कुठल्याही चांगल्या मैदानावर साधारण तेवढ्याच वेळात संपते. त्या अवधीत दहा-बारा घोडे, त्यांची नावे, त्यांचा क्रम, एकमेकांमधले अंतर, कोण पुढे सरकतो आहे आणि कोणाचा दम संपला आहे, हे सगळे त्याला सांगायचे असते. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेता येतो, आधीच्या चेंडूवर बोलता येते. घोडशर्यतीत आधीचे काही उरतच नाही. एकदा चुकलेले नाव दुरुस्त करेपर्यंत घोडे शंभर मीटर पुढे गेलेले असतात, आणि ते नाव ऐकून कोणाच्या तरी हातातल्या तिकिटाची किंमत क्षणभर बदललेली असते.

भारतात हा पेशा शर्यती भरवणाऱ्या क्लबांच्या आवारात जन्माला आला आणि दीर्घकाळ तिथेच राहिला. क्रिकेटच्या समालोचकांची नावे घराघरांत पोहोचली. रेसच्या समालोचकाचा आवाज हजारो लोकांना तोंडपाठ झाला, पण त्याचे नाव मैदानाच्या फाटकाबाहेर फारसे गेले नाही. याची कारणे त्याच्या गुणवत्तेत शोधून सापडत नाहीत. ती कायद्यात, भाषेत आणि प्रसारणाच्या इतिहासात आहेत.

शर्यती भारतात जुन्या, त्यांचे वर्णन मात्र बरेच अलीकडचे. मद्रासला गिंडी येथे 1777 पासून शर्यतींचा इतिहास सांगितला जातो. मुंबईत बॉम्बे टर्फ क्लब 1802 मध्ये निघाला आणि त्याच्या शर्यती भायखळ्याला होत. पुण्याच्या लष्कर भागातले रेसकोर्स 1830 चे, तर महालक्ष्मीचे 1883 चे. महालक्ष्मीची जागा कुसरो वाडिया यांच्या दानातून मिळाली. बॉम्बे टर्फ क्लबचे 1925 मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब असे नामांतर झाले आणि 1935 मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. या दीड शतकाच्या काळात प्रेक्षक शर्यत स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे. ज्याच्याकडे दुर्बीण असे त्याला पलीकडच्या बाजूचे घोडे दिसत. बाकीच्यांना रंगांचा एक पुंजका वळणावर जाताना आणि मग अंगावर येताना दिसे. निकाल पंच देत आणि क्रमांक फळ्यावर लागत. मधल्या दोन मिनिटांत काय घडले, हे ज्याचे त्याने ताडायचे.

शर्यतीला आवाज मिळाला तो प्रथम नभोवाणीमुळे. 1927 च्या मार्चमध्ये बीबीसीने लिव्हरपूलजवळच्या एंट्री येथून ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीचे वर्णन प्रक्षेपित केले. मेरिक गुड आणि जॉर्ज ॲलिसन हे दोघे माइकवर होते. ती शर्यत स्प्रिग नावाच्या घोड्याने जिंकली. घरी बसलेल्या माणसाला ही शर्यत ‘दिसली’, पण खुद्द इंग्लंडच्या मैदानांवर जमलेल्या लोकांना ध्वनिक्षेपकावरून वर्णन ऐकायला आणखी पंचवीस वर्षे लागली. तिथल्या मैदानावरचे पहिले वर्णन 29 जुलै 1952 रोजी गुडवूड येथे बॉब हेन्स यांनी केले. हा उशीर समजण्यासारखा आहे. जो मैदानावर आला आहे त्याला डोळे आहेत, त्याला सांगायचे काय, अशी समजूत होती. प्रत्यक्षात मैदानावरचाच माणूस सर्वांत कमी पाहतो, कारण तो एका जागी उभा असतो आणि घोडे गोलाकार धावत असतात. भारतातले क्लब नियमांपासून पोशाखापर्यंत इंग्लंडकडे पाहून चालत. ध्वनिक्षेपकावरचे वर्णनही त्यांच्याकडे त्याच वाटेने आले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शर्यतीच्या दिवसाचा भाग होऊन बसले.

तोपर्यंत भारतीय शर्यतींचे स्वरूप बदलले होते. 1943 मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. तेव्हा तिचे नाव कंट्री ब्रेड डर्बी होते, म्हणजे देशात पैदास झालेल्या घोड्यांची डर्बी. बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्युटिफुल ही घोडी जिंकली. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. 2400 मीटरच्या या शर्यतीला अडीच मिनिटे लागतात. संस्थाने विलीन झाल्यावर घोडे उद्योगपती, व्यापारी आणि पारशी घराण्यांकडे गेले. 1946 मध्ये पूनावाला कुटुंबाने पुण्यात स्टड फार्म काढले. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ नोंदवणारी स्टड बुकची कचेरीही पुण्यातच आहे. बंगळूर असो की कोलकाता, समालोचक जे नाव उच्चारतो त्याची नोंद पुण्यात झालेली असते.

वर्णन कुंपणात का राहिले, हे कायदा वाचला की कळते. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने पैज लावण्यावर बंदी घातली, पण घोडशर्यतीपुरती वाट मोकळी ठेवली. त्या वाटेच्या अटी काटेकोर होत्या. पैज शर्यतीच्याच दिवशी लागली पाहिजे, आणि परवानाधारकाने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारातच लागली पाहिजे. 1912 च्या रेसकोर्स परवाना कायद्याने मैदानांनाच परवाना घेणे भाग पाडले. म्हैसूर राज्यानेही 1952 मध्ये असाच कायदा केला. अशा व्यवस्थेत शर्यतीचे वर्णन आवाराबाहेर जाणे क्लबाला आणि सरकारला अडचणीचेच होते, कारण आवाज बाहेर गेला की त्याच्या मागोमाग बेकायदा बुकी येणार. पुढे 1996 मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोडशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, केवळ नशिबाचा नव्हे, असा निर्वाळा दिला. पण तोपर्यंत नभोवाणीचा सुवर्णकाळ मागे पडला होता.

त्या सुवर्णकाळात क्रिकेटचे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहावे. 1934 मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांपासून बॉबी तल्यारखान यांचे एकट्याचे इंग्रजी समालोचन सुरू झाले. पुढे पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितले. स्वतः रणजी खेळलेल्या या माणसाने मराठी श्रोत्याला मैदान दाखवले आणि मराठी समालोचनाची भाषा घडवली. चौकार, षटकार, यष्टिरक्षक हे शब्द पानाच्या गादीवर आणि एसटीच्या थांब्यावर बोलले जाऊ लागले. घोडशर्यतीला असा माणूस मराठीत लाभला नाही. महालक्ष्मी आणि पुणे ही देशातली दोन मोठी मैदाने महाराष्ट्रात असूनही क्लबाच्या ध्वनिक्षेपकावरची भाषा इंग्रजीच राहिली. हे नुकसान मराठीचे आहे आणि ते मान्य करायला हवे.

ती भाषा इंग्रजी असली तरी ऐकणारे सगळे इंग्रजी जाणणारे कधीच नव्हते. स्वस्त तिकिटाच्या आवारात गिरणी कामगार, टॅक्सीवाले, मंडईतले व्यापारी, छोटे कारकून उभे असत. त्यांनी समालोचनाचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. वाक्ये सोडून द्यायची आणि नावे धरायची. आपल्या घोड्याचे नाव पहिल्या तिनांत येते आहे का, वळणानंतर ते वर सरकते आहे का, आणि समालोचकाचा आवाज चढतो तेव्हा कोणाचे नाव घेतले जाते, एवढ्यावर सगळी शर्यत कळे. नाव अवघड असले तर सॅडलखालच्या कापडावरच्या क्रमांकाने काम भागे: ‘पाच नंबर सुटला.’ समालोचकालाही हे ठाऊक असते. म्हणून चांगला समालोचक वाक्यरचनेपेक्षा नावाच्या उच्चाराला जपतो. आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे घोड्याच्या नावात मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त 18 रोमन अक्षरे असतात. मालक त्यांत फ्रेंच, संस्कृत, फारसी, काहीही बसवतात. एकाच शर्यतीत सारख्या सुरुवातीची दोन नावे आली की समालोचक ती आधीच मोठ्याने म्हणून पाहतो.

आता कामाकडे जवळून पाहता येईल. समालोचक घोडे ओळखतो ते घोड्यांवरून क्वचित, जॉकीच्या रंगांवरून नेहमी. दूरवरून बहुतेक घोडे सारखेच तांबूस-तपकिरी दिसतात. एखादा करडा असला तर ते समालोचकाचे भाग्य. प्रत्येक मालकाचे रंग क्लबाकडे नोंदलेले असतात: अंगरख्याचा रंग, बाह्यांचा रंग, त्यावरचे पट्टे, ठिपके, चौकटी, आणि टोपी. एकाच मालकाचे दोन घोडे एका शर्यतीत असले तर दुसऱ्या जॉकीची टोपी वेगळ्या रंगाची असते, आणि मग सगळी ओळख त्या टोपीवर टिकलेली असते. आदल्या रात्री रेसबुक घेऊन बसणे, प्रत्येक नावापुढे रंगीत पेन्सिलींनी त्या मालकाचे रंग भरणे आणि नाव व रंग यांची जोडी पक्की करणे ही जगभरातल्या समालोचकांची जुनी रीत आहे. ही पाठांतराची रीत शाळेच्या पाढ्यांसारखी नाही. पाढा जन्मभर लक्षात ठेवायचा असतो. इथे तिसरी शर्यत संपली की ते अकरा रंग डोक्यातून पुसून अर्ध्या तासात चौथ्या शर्यतीचे नवे रंग बसवायचे असतात, आणि हे दिवसातून सात-आठ वेळा करायचे असते.

शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये फिरतात तेव्हा समालोचक तिकडे नजर टाकून छापील रंग आणि प्रत्यक्ष रंग जुळवून घेतो. कधी मालकाने घोडा विकलेला असतो, कधी रंगाचा कपडा वेळेवर आलेला नसतो. मग तो ग्रँडस्टँडच्या माथ्यावरच्या खोलीत चढतो. तिथून मैदानाची पलीकडची बाजू दिसते. मोठी दुर्बीण, माइक आणि पुढे उघडे रेसबुक.

1200 मीटरची शर्यत पलीकडच्या बाजूने सुटते. स्टार्टिंग गेटचे दरवाजे उघडतात आणि पहिल्या पाच-सहा सेकंदांत समालोचकाला दोन गोष्टी पकडायच्या असतात: पुढे कोण उसळला आणि मागे कोण राहिला. मागे राहिलेला सांगणे महत्त्वाचे, कारण त्याच्यावर पैसे लावलेला माणूस गर्दीत त्याला शोधत असतो. पुढच्या वीस सेकंदांत तो पुढून मागे एकदा सगळी रांग वाचतो. वळणावर घोडे एकमेकांच्या आड जातात. रेलकडचा घोडा बाहेरच्या घोड्यामागे झाकला जातो आणि दिसते ती फक्त टोपी. अनुभवी समालोचक इथे अंदाज करत नाही, जे दिसते तेवढेच बोलतो. सरळ रस्त्याला लागल्यावर शेवटचे चारशे मीटर राहतात. आतापर्यंत एका लयीत चाललेला आवाज इथे चढतो, पण फार लवकर चढला तर शेवटच्या शंभर मीटरला चढायला जागा उरत नाही. शेवटचे दोनशे मीटर बारा सेकंदांत संपतात. त्या बारा सेकंदांत पुढचे तीन-चार घोडेच सांगायचे असतात, मात्र बाहेरून एखादा मुसंडी मारून आला तर त्याला लगेच गोष्टीत आणावे लागते. शेवटचा खांब ओलांडताना दोन घोडे बरोबरीत असले तर तो विजेता सांगत नाही, फोटो म्हणतो आणि थांबतो. इंग्लंडमध्ये एप्सम येथे 1947 मध्ये फोटो-फिनिशचा कॅमेरा बसला. त्यानंतरच्या समालोचकांना ही सोय मिळाली. तिच्या आधीचे समालोचक फक्त आपल्या डोळ्यांच्या आणि पंचाच्या भरवशावर उभे होते.

पुण्याचा हंगाम पावसाळ्यात येतो, आणि पाऊस हा समालोचकाचा मोठा शत्रू आहे. भिजलेला आकाशी निळा गडद दिसतो, चिखल उडाला की पांढरी बाही तपकिरी होते, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात पाठीमागून धावणाऱ्या जॉकींचे रंग सर्वांत आधी जातात. अशा दिवशी टोपी आणि घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका यांच्यावर काम चालते. दुर्बिणीची काच पुसायलाही दोन शर्यतींच्या मधलाच वेळ.

चूक झाली तर ती सर्वांसमक्ष होते. अमेरिकेचे क्लेम मॅकार्थी हे त्यांच्या काळातले सर्वांत गाजलेले समालोचक. 1947 च्या प्रीकनेस शर्यतीत वळणावर त्यांची दृष्टी अडली आणि जिंकलेल्या फॉल्टलेसऐवजी त्यांनी जेट पायलटला विजयी घोषित केले. चूक त्यांनी माइकवरच कबूल केली. याच्या उलट उदाहरण 1967 च्या ग्रँड नॅशनलचे. तेविसाव्या अडथळ्यापाशी मोकाट घोड्यामुळे जवळजवळ सगळे घोडे एकमेकांवर आदळले, आणि मागून आलेला शंभरास एक भावाचा फोइनावन त्यातून एकटा निसटला. त्या गोंधळात मायकेल ओ’हेहिर यांनी त्याला नावाने ओळखले, कारण शर्यतीआधी जॉकींच्या खोलीत जाऊन त्यांनी अनोळखी वाटलेल्या त्या रंगांची चौकशी केलेली होती. शर्यतीच्या समालोचनातले मोठे क्षण असे आदल्या तासातल्या चौकशीतून तयार होतात.

तटस्थतेचा धडा पीटर ओ’सलिव्हन यांनी घालून दिला. पन्नास वर्षे बीबीसीसाठी वर्णन करून ते 1997 मध्ये निवृत्त झाले. 1974 मध्ये चेल्टनहॅमला त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या ॲटिव्हो या घोड्याने ट्रायम्फ हर्डल जिंकली आणि तिचे वर्णन तेच करत होते; आवाजात त्यांनी फरक पडू दिला नाही. भारतातल्या समालोचकावर ही जबाबदारी अधिक कडक आहे. त्याचा आवाज क्लबाचा अधिकृत आवाज असतो, त्याच्यासमोरच्या प्रत्येक माणसाच्या खिशात तिकीट असते आणि फेव्हरिट हरला की संशय सर्वांत आधी हवेतच असतो. म्हणून त्याच्या बोलण्यात मत नसते. जॉकीने चाबूक उशिरा काढला, घोड्याला जागा मिळाली नाही, असे दिसले तरी निर्णय स्टिवर्डचा. त्याने फक्त घडले ते सांगायचे.

या पेशाला भारतात शिक्षणसंस्था नाही. क्लबाची नोकरी, वर्तमानपत्रातला रेसचा स्तंभ, तबेल्यातले बालपण किंवा हौशी घोडेस्वारी, अशा वाटांनी माणसे माइकपर्यंत येतात. जुन्या समालोचकाच्या शेजारी उभे राहून, बंद माइकमध्ये स्वतःशी बोलून ती शिकतात. मैदाने मोजकी, म्हणून जागाही मोजक्या. एक माणूस वीस-वीस वर्षे तेच काम करतो आणि नव्याला वाट पाहावी लागते.

मोजक्या मैदानांतला आवाज आता दूरवर कसा जातो, हे बंगळूरच्या गोष्टीतून कळते. बंगळूर टर्फ क्लब 1920 च्या दशकापासून, आज शहराच्या मध्यावर आलेल्या हाय ग्राउंड्स भागात सुमारे 85 एकरांवर आहे. मैदान बांधले तेव्हा ते शहराच्या कडेला होते. आता शहर आग्नेयेला होसूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या मधल्या एचएसआर लेआउटच्याही पलीकडे गेले आहे. या वसाहतीतून रेसकोर्स दहा-बारा किलोमीटरवर आहे, पण रहदारीमुळे प्रवासाला तासही लागतो. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे इथे राहतात. त्यांच्यापैकी ज्याला महालक्ष्मीची ओढ आहे त्याला बंगळूरचा समालोचक पडद्यावरूनच भेटतो.

हा पडदाच पेशाच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे. पूर्वी समालोचक आपल्यासमोरच्या गर्दीसाठी बोलत असे. क्लबांनी एकमेकांच्या शर्यती दृक्श्राव्य जोडणीने दाखवायला आणि त्यांवर पैजा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा श्रोता बदलला. बंगळूरचा उन्हाळी हंगाम मे महिन्यात सुरू होतो. मुंबईचा हंगाम तेव्हा संपलेला असतो आणि पुण्याचा जुलैत सुरू व्हायचा असतो. त्या रिकाम्या आठवड्यांत मुंबईकर रेसकोर्सवर जाऊन बंगळूरची शर्यत पाहतो. ज्याने कधी बंगळूर पाहिले नाही अशा माणसाला तिथल्या समालोचकाचा श्वास कुठे तुटतो, हे माहीत असते. समालोचकालाही आता मैदानावरच्या माणसाला दिसणाऱ्या गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. वारा, धुरळा, गर्दीची कुजबुज पडद्यावर येत नाही. त्याच्यापुढेही मॉनिटर आला. दुर्बीण आणि मॉनिटर यांत नजर फिरवण्याची नवी सवय लागली, आणि जुन्या पिढीतल्या अनेकांना ती जड गेली असणार, कारण कॅमेरा पुढच्या चार घोड्यांवर राहतो आणि मागून येणारा विजेता चौकटीबाहेर असतो. कोविडच्या टाळेबंदीनंतर शर्यती रिकाम्या स्टँडसमोर झाल्या तेव्हा तर समालोचक पूर्णपणे दूरच्या श्रोत्यासाठीच बोलत होता.

मराठीत धावत्या शर्यतीचे वर्णन घडले ते क्लबाबाहेर, बैलगाड्यांच्या घाटात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांत गावच्या यात्रेला घाटात बैलगाडे पळतात. पुढे घोडी, तिच्यामागे जुंपलेले बैल आणि चढाचा रस्ता. एका वेळी एकच गाडा, आणि त्याची झुंज घड्याळाशी. ही बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-पंधरा सेकंदांत संपते. घोडशर्यतीच्या समालोचकासारखी स्थानांची रांग इथे वाचायची नसते. घाटाच्या माथ्यावर मांडवात बसलेला निवेदक आधी गाडामालकाचे नाव, गाव, बैलांची ख्याती सांगून गर्दीला तयार करतो, गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ ची आरोळी उठते, आणि काही सेकंदांत सेकंदांचा आकडा पुकारला जातो. सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा घाटाचा राजा ठरतो. सातारा-सांगलीकडे छकड्या एकत्र सुटतात. तिथे गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या असतात आणि निवेदकाला तीन-चार गाड्या एका नजरेत धराव्या लागतात, म्हणजे काम महालक्ष्मीच्या समालोचकाच्या जवळ येते. विदर्भातल्या शंकरपटाची रीत आणखी वेगळी.

या निवेदकांची भाषा कोणी शिकवलेली नाही. कीर्तन, तमाशाचा फड, कुस्तीचे मैदान आणि निवडणुकीची सभा या चारही ठिकाणचे बोलणे तिच्यात मिसळले आहे. तिची लय, तिचे विशेषणांचे भांडार, गावे आणि माणसे लक्षात ठेवण्याची तिची ताकद अभ्यासाचा विषय आहे. तो अभ्यास मराठीत व्हायला हवा. घोडशर्यतीचा समालोचक मालकाचे नाव टाळतो आणि घोड्याचे घेतो. घाटातला निवेदक दोघांचेही घेतो, कारण यात्रेत इनाम बैलाला मिळते आणि मान घराला.

या निवेदकांचे काम सात वर्षे जवळजवळ थांबले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना अटकाव केला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यती परतल्या तेव्हा मोबाइल आणि यूट्यूब घरोघरी पोहोचले होते. 2022 च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली येथे झालेल्या मोठ्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसे लागली. निवेदकाचा आवाज घाटातून थेट पुण्या-मुंबईतल्या चाकरमान्याच्या फोनवर जाऊ लागला, आणि निवेदकांपैकी काहींना नाव मिळाले, दिवसाचे चांगले मानधन मिळाले. क्लबाच्या समालोचकाला इतक्या दशकांत न मिळालेली प्रसिद्धी त्यांना चार-पाच वर्षांत मिळाली, कारण त्यांच्या आवाजाला कुंपण नव्हते आणि भाषा ऐकणाऱ्याची होती.

क्लबांचे दिवस मात्र अवघड आहेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 2025 मध्ये तो 40 टक्क्यांवर गेला. पैसा बेकायदा बुकींकडे वळतो अशी क्लबांची तक्रार आहे. 2024 च्या उन्हाळ्यात परवान्याच्या वादात बंगळूरच्या शर्यती न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने उटीच्या मैदानाची जागा ताब्यात घेतली आणि गिंडीचा भाडेपट्टा रद्द केला. महालक्ष्मीचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला होता. 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि 91 एकर क्लबाकडे अशी वाटणी झाली. बंगळूरचा भाडेपट्टा 2009 अखेर संपला आणि मैदान शहराबाहेर नेण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. तसे झाले तर समालोचकाला वळणाचा कोन, पलीकडच्या बाजूचे अंतर, संध्याकाळच्या उन्हाची दिशा आणि चारशे मीटरची खूण म्हणून मनात धरलेले झाड किंवा इमारत, हे सगळे नव्या मैदानावर पहिल्यापासून शिकावे लागेल.